यमूची कथा आणि दुर्गीचा प्रश्न

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी निदान नाव तरी ऐकले असेल, कारण ते नाव आता म्हणीसारखे झाले आहे. ग्रामसभेत तक्रार सांगून सांगून एखादा गृहस्थ थकला, की तोही शेवटी हेच चार शब्द बोलतो आणि खाली बसतो. पुस्तक मात्र फार जुने. १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक सुरू केले, त्यातून ही कथा थोडी थोडी येत गेली आणि १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले. लिहिणारा पुरुष, वय अवघे सव्वीसच्या आसपास, आणि सांगणारी मात्र एक बाई, तीही ‘मी’ म्हणून सांगणारी. त्या काळात ही मोठीच धिटाई होती.

मी हे पुस्तक आजवर तीनदा वाचले. शिक्षिकेची नोकरी पेण तालुक्यात सुरू झाली आणि रोह्याकडे संपली, तेवढ्या वर्षांत. तिन्ही वेळा डोळे भरून आले, आणि तिन्ही वेळा पुस्तक मिटताना कुठेतरी खट्टू झाले. पुस्तक आवडले का, असे कुणी विचारले तर मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. ते का, हेच तुमच्यापुढे मांडायचे आहे. शिक्षक बंधुभगिनींना त्याचा थोडा जास्त उपयोग होईल, कारण वर्गात पुस्तक देताना ‘उत्तम आहे, वाचा’ एवढे सांगून आपले काम संपत नाही.

प्रथम, ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. यमू ही पुण्याकडच्या एका ब्राह्मण घरातली मुलगी. वडील करडे, आजीचा अंमल कडक, आई मुकाट्याने सोसणारी. नवऱ्याचे पाऊल दारात वाजले की त्या माउलीचा चेहरा बदलतो. पुढे आई जाते, वडील दुसरे लग्न करतात. यमूचे लग्न रघुनाथरावांशी होते, आणि नवल म्हणजे नवरा भला निघतो. सासरी एकत्र कुटुंबाचा जाच आहे, पण हा तरुण बायकोला लिहायला वाचायला शिकवतो, तिच्याशी बोलतो. दोघे मुंबईला वेगळे बिऱ्हाड करतात. ते दिवस म्हणजे पुस्तकातले ऊन. मग रघुनाथराव अकाली वारतात. आणि ज्या घरात आधाराची अपेक्षा धरावी त्या घरातच शंकरमामंजी या पोरीचे बळजबरीने केशवपन करवतात. त्या घावातून यमू उठत नाही.

या कथेच्या कडेला आणखी एक मुलगी आहे, दुर्गी. यमूची बाळमैत्रीण. दोघी एकाच अंगणात खेळल्या. दुर्गीला नवरा मिळाला तो उनाड, संसाराला नालायक, हात उगारणारा. तिची हकीकत यमूच्या हकीकतीत मधूनमधून येते, आपण हळहळतो, आणि पुन्हा यमूकडे वळतो. माझे खट्टू होणे आहे ते इथे.

पण आधी जे आवडले ते सांगू द्या, नाहीतर अन्याय होईल. हे पुस्तक वाचताना वाचल्यासारखे वाटतच नाही. माजघरात कुणी बाई भाजी निवडता निवडता बोलते आहे आणि आपण शेजारी बसून ऐकतो आहोत असे वाटते. मध्येच विषय सोडून भलतीकडे जाणे, मग ‘हो, काय सांगत होते मी?’ अशा थाटात परत येणे, सासूच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल, मनातले मनातच ठेवून वरवर दिलेले उत्तर, हे सारे त्यात आहे. त्याआधी मराठीत बहुतेक कादंबऱ्या अद्भुताच्या. राजपुत्र, मंत्री, जादूचे महाल. हरिभाऊंनी वाचकाला शेजारच्या वाड्यात नेऊन बसवले आणि म्हटले, इथे बघ. बायकांच्या जगाची इतकी माहिती या माणसाला कुठून मिळाली असेल याचे मला कोडे पडत असे. काशीबाई कानिटकरांसारख्या, स्वतः धडपडून शिकलेल्या लेखिकेशी त्यांचा स्नेह होता, हे समजल्यावर ते थोडे सुटले. ऐकणारा कान असल्याशिवाय असे लिहून होत नाही.

मुलांना हे पुस्तक द्यायचे तर हातात ठोकळा देऊ नका. पुस्तक मोठे आहे, पाल्हाळही आहे. दर आठवड्याला अंक निघायचा, म्हणजे मजकूर भरायचा, त्याच्या खुणा जागोजाग दिसतात. लहानपणाचा भाग मोठ्याने वाचून दाखवा. भातुकली आणि बाहुलीचे लग्न खेळण्याच्या वयातच खरे लग्न उभे राहते म्हणजे काय, हे सातवी-आठवीच्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही.

आता तक्रार. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही दुःखी संसाराची कादंबरी म्हणून ओळखली जाते. पण नीट पाहा, यमूचा संसार दुःखी आहे का? सासर जाचाचे आहे, हे खरे. परंतु नवरा-बायकोचे जे नाते, ते या पुस्तकात सुखाचे आहे. यमूवर कोसळते ते वैधव्य. म्हणजे दुःख मृत्यूने आणले आणि रूढीने ते शंभर पटींनी वाढवले. खरा दुःखी संसार आहे यमूच्या आईचा, आणि त्याहून दुर्गीचा. नवरा जिवंत, धडधाकट, आणि तोच दुःखाचे कारण. या दोघी पुस्तकात आहेत, पण कडेला आहेत.

हरिभाऊंनी असे का केले असेल? मला त्यांचे म्हणणे समजते. यमूचा नवरा वाईट दाखवला असता, तर तो मेल्यावर वाचक मनात म्हणाला असता, सुटली बिचारी. मग केशवपनाचा प्रसंग तितका जिव्हारी लागला नसता. रघुनाथराव जितके गोड, तितके पुढचे दुःख निर्मळ. शिवाय त्यांना एक नमुनाही दाखवायचा होता. नवरा-बायको एकमेकांचे मित्र होऊ शकतात, हे त्या काळच्या तरुण वाचकांनी अशा पुस्तकांतूनच प्रथम पाहिले. तेव्हा लेखक म्हणून हिशेब बरोबर आहे. पण हिशेबात दुर्गी शिल्लक राहते.

आणि ती फक्त कादंबरीतच शिल्लक राहिली असे नाही. त्या काळातल्या सुधारणांच्या तारखा शिक्षकांनी एकदा फळ्यावर ओळीने लिहून पाहाव्यात. १८५६ मध्ये विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले, ते मुख्यतः विधवांसाठी. १८९० मध्ये, म्हणजे ‘करमणूक’ सुरू झाले त्याच वर्षी, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले. यमूच्या कथेची पाने छापली जात असताना हे घडत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८९३ मध्ये, पुस्तक निघाले त्याच वर्षी, धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले, आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. ही सारी माणसे थोर, त्यांची कामे थोर. पण या ओळीत दुर्गीसाठी काय आहे? कायदा नाही, आश्रम नाही, सभा नाही. विधवेला निदान कागदावर तरी नवे आयुष्य सुरू करता येत होते. सवाष्णीला तेही नाही. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये बुलढाण्याहून ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तीत नालायक नवऱ्यांची चांगली खरडपट्टी काढली होती. पण ते पुस्तक त्या वेळी ऐकले कुणी?

एका मुलीने मात्र हा प्रश्न थेट कोर्टात नेला, किंवा खरे म्हणजे तिला कोर्टात ओढले गेले. रखमाबाई. जन्म १८६४, म्हणजे हरिभाऊंच्याच सालचा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लागले, पण ती नांदायला गेली नाही. आईकडेच राहिली, शिकली. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला की बायकोला माझ्या घरी पाठवा. पहिल्या न्यायाधीशाने, पिन्ही साहेबाने, दावा फेटाळला. वरच्या कोर्टाने तो पुन्हा चालवायला लावला, आणि १८८७ मध्ये निकाल आला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. त्यावर केवढे रण माजले! ‘केसरी’ विरोधात, सुधारक बाजूने. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली.

हे प्रकरण मिटून दोन वर्षे होतात न होतात तोच हरिभाऊ कादंबरी लिहायला बसले. दुर्गीला कडेला ठेवण्याचे कारण मला थोडेसे इथेही दिसते. विधवेची दया यावी असे लिहिणे अवघड असले तरी शक्य होते. नवरा जिवंत असताना त्याला सोडणाऱ्या बाईची बाजू घेणे म्हणजे निखारा हातात धरणे होते. हा माझा तर्क आहे, तो तेवढ्याच बेताने घ्यावा.

एवढा वेळ आपण पुण्या-मुंबईच्या वाड्यांत वावरलो. आता आपल्या मुलखात येऊ. पेण तालुक्याच्या खारेपाटातल्या एका गावात मी नोकरीला होते. भाताची कापणी-झोडणी उरकली की दुपारी बायकांना थोडी उसंत मिळे. साक्षरतेचा वर्ग त्या वेळात भरायचा. अक्षरे गिरवून कंटाळा आला की मी काहीतरी वाचून दाखवीत असे. एका हंगामात हे पुस्तक घेतले, अर्थात गाळत गाळत. ऐकणाऱ्यांत एक म्हातारी होती. ती धवलारीण. आगरी समाजात लग्न लावताना धवले गाते ती बाई, हे आपल्या भागात सांगायला नको. पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगते की भटजींइतकाच, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, मान तिचा असतो. तिने कितीतरी लग्ने लावली होती. दुर्गीच्या माराचा भाग आला तशी ती मला थांबवून म्हणाली, “मंग तिच्या आयशीनं पंच नाय बोलावलं?”

मी म्हटले, “त्यांच्यात तशी रीत नव्हती.”

“काडीमोड नाय?”

“नाही.”

म्हातारी खरोखर चकित झाली. एवढी शिकलेली, पोथ्या वाचणारी माणसे, आणि पोरीला सोडवायची सोय नाही! यमूसाठी तिने पदर डोळ्याला लावला होता, पण दुर्गीच्या माणसांचा तिला राग आला. आणि मला एकदम जाणवले की पुस्तक तेच, पण पेणच्या ओट्यावर वाचले की त्याचा अर्थ पालटतो.

काडीमोड म्हणजे काय, हे आजच्या मुलांना नुसते शब्द म्हणून माहीत असते. आगरी, कुणबी, कोळी अशा कितीतरी समाजांत पूर्वीपासून ही चाल होती. पटत नसेल तर जातीच्या पंचांपुढे काडी मोडायची, नाते मोडले. मग बाईला दुसरे लग्न करता येई. त्याला पाट म्हणत, कुठे म्होतर म्हणत. विधवेलाही पाट लावता येई. म्हणजे यमूचे आणि दुर्गीचे, दोघींचेही दुःख जसेच्या तसे या घरांत घडले नसते. मराठी कादंबरीने ज्याला ‘स्त्रीचे दुःख’ म्हटले ते पुष्कळदा चार-दोन जातींच्या स्त्रियांचे दुःख होते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. हरिभाऊंना जे घर ठाऊक होते त्यावर त्यांनी लिहिले, त्यात त्यांचा दोष नाही. पण ते घर म्हणजे अवघा महाराष्ट्र नव्हे.

म्हातारीचा अभिमान मला आवडला, तरी तिचे सगळे म्हणणे मी मान्य केले नाही. ती स्वतःच पुढे बोलता बोलता म्हणाली, “लगीन लावताना मी बोलते, मोडताना पंच बोलतान.” तिला काय म्हणायचे होते ते बायकांना बरोबर कळले, कारण दोघी-तिघी हसल्या. पंच म्हणजे पुरुष. काडी मोडायची तर नवऱ्याची संमती लागे, नाहीतर लग्नाचा खर्च परत द्या, दंड भरा, असे फाटे फुटत. मुले बहुधा बापाकडे राहत. पाट लागे तो रात्री, मांडव नाही, वाजप नाही. आणि पाटाच्या बायकोला पहिल्या लग्नाच्या बायकोएवढा मान नसे. त्यातही इंग्रजी कोर्टाने खोडा घातला. १८७६ मध्ये मुंबई हायकोर्टाने ठरवले की नवऱ्याच्या संमतीशिवाय जातीने लग्न मोडून बाईला दुसरे लग्न करायची परवानगी दिली तरी ते कायद्याला मान्य नाही. नवऱ्याने अडवून धरले तर पंचांचाही इलाज चालेना. पुढे पुढे तर शिकलेल्या घरांनी वरच्या जातींचे पाहून काडीमोड आणि पाट कमीपणाचे मानले. एक वाट होती, तीही आपणच बुजवत आणली. सुधारणा नेहमी पुढेच जाते असे काही नाही.

त्याच वर्गात एक तरुण बाई येई. माहेरीच राहत असे, का ते कुणी विचारत नसे. सगळ्या उठून गेल्यावर ती एकदा म्हणाली, “बाई, त्या दुर्गीचं परत वाचा ना.” मी वाचले. तिने काही विचारले नाही आणि मीही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा तेच पान काढायला लावले. यमूचे पान तिने एकदाही मागितले नाही.

पुढे माझी बदली रोह्याकडे झाली. तिथे शिक्षकांच्या एका बैठकीत, चहाच्या वेळी, या पुस्तकावर मोठी चर्चा झाली. एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, “आता केशवपन उरलं नाही, मग मुलांना हे रडगाणं कशाला?” प्रश्न चुकीचा नाही. ज्या रूढीविरुद्ध पुस्तक लिहिले ती गेली, की पुस्तकाचे काय राहते? मी म्हटले, यमूचा प्रश्न जुना झाला असेल, दुर्गीचा झालेला नाही. त्यावर एका तरुण शिक्षिकेने भलताच मुद्दा काढला, आणि तो मला आजही अडवतो. तिचे म्हणणे, रघुनाथराव तरी काय एवढे मोठे? बायकोला काय वाचायचे ते तेच ठरवणार, कुणाला भेटायचे ते तेच सांगणार, आणि तिने प्रगती केली की शाबासकी देणार. नवरा की मास्तर? गुरुजी हसले, पण मी हसू शकले नाही. कारण तिचे खरे आहे, आणि तरीही अपुरे आहे. ज्या घरात नवऱ्याने बायकोशी दिवसाउजेडी बोलणेसुद्धा निर्लज्जपणाचे समजत, तिथे शेजारी बसवून शिकवणारा नवरा म्हणजे केवढी झेप होती! त्या झेपेला आजच्या गजाने मोजू नये. पण आजच्या मुलीने त्याला आदर्श म्हणून गळ्यात बांधून घ्यावे, असेही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहतात, त्याला माझा इलाज नाही.

दुर्गीचा प्रश्न जुना झाला नाही असे मी म्हटले, ते कायद्याच्या बाजूनेही पाहू. मुंबई प्रांतात हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोट मिळण्याचा कायदा झाला १९४७ मध्ये. कादंबरी पुस्तकरूपाने आल्यावर तब्बल चौपन्न वर्षांनी. मग १९५५ मध्ये सबंध देशासाठी हिंदू विवाह कायदा आला, १८ मे रोजी. त्याच साली सप्टेंबरमध्ये डॉक्टर रखमाबाई वारल्या. नव्वदी ओलांडलेली ती बाई तो कायदा पाहून गेली, हे मी वर्गात नेहमी सांगत असे. इतिहासाच्या पुस्तकात अशा गोष्टी सहसा नसतात. त्या कायद्याने काडीमोडासारख्या रूढीने चालत आलेल्या फारकतीलाही हात लावला नाही, तीही मान्य ठेवली. पण गंमत पाहा. मारझोड आणि छळ हे घटस्फोटाचे सरळ कारण १९५५ च्या कायद्यात नव्हते. आधी कोर्टातून वेगळे राहण्याचा हुकूम घ्यायचा, मग वाट पाहायची, मग घटस्फोट मागायचा. छळ हे थेट कारण झाले १९७६ च्या दुरुस्तीने. परस्पर संमतीने वेगळे होण्याची सोयही तेव्हाच आली. म्हणजे दुर्गी १९६० साली जन्मली असती, तरच तिच्या लग्नाच्या वयात तिला सरळ दार उघडे सापडले असते.

त्यानंतर १९८३ मध्ये सासरच्या छळाबद्दल शिक्षेचे कलम आले, आणि २००५ मध्ये घरातल्या हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा झाला, तो २००६ पासून लागू आहे. या कायद्याने बाईला घटस्फोट न घेताही त्याच घरात राहण्याचा हक्क आणि मारहाणीविरुद्ध मनाईहुकूम मागता येतो. स्त्रियांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. पेणला कोर्ट आहे, रोह्याला आहे, जिल्ह्याचे अलिबागला आहे. ही माहिती कादंबरीवरच्या लेखात कशासाठी, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण ती दुर्गीचे पान पुन्हा वाचायला लावणारी बाई. पुस्तकातली व्यथा वाचून दाखवायची आणि दार कुठे आहे ते सांगायचे नाही, हे शिक्षकाला शोभत नाही.

मात्र कायदा आहे म्हणून दुर्गी संपली असे समजू नका. नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्याला कंटाळून निघालेल्या बायकांसाठी महाराष्ट्रात ‘परित्यक्ता’ हा शब्द १९८० नंतरच्या चळवळींनी सर्वांच्या तोंडी आणला. त्याआधी विधवा होती, सवाष्ण होती, कुमारिका होती. या बाईला धड नावही नव्हते. हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही, याचा घोळ घालीत बायका दारात उभ्या राहत. अजूनही राहतात.

दुर्गीला कादंबरीच्या मध्यभागी आणून बसवायला मराठीला आणखी चाळीस वर्षे लागली. त्या वाटेवर आपल्या जिल्ह्याचेही एक नाव आहे. रोह्याशेजारच्या तळे गावात १८८२ मध्ये जन्मलेले वामन मल्हार जोशी. जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ पासूनचे. त्यांच्या ‘रागिणी’त आणि ‘सुशीलेचा देव’मध्ये बायका नुसत्या सोसत नाहीत, वाद घालतात. कधी कधी इतका वाद घालतात की कथा बाजूला राहते आणि वाचक जांभई देतो. पण आपल्या संसाराबद्दल स्वतः विचार करणारी बाई तिथे दिसते, एवढे कबूल केले पाहिजे. मग १९३४ च्या सुमारास विभावरी शिरूरकर यांची ‘हिंदोळ्यावर’ आली. हे टोपणनाव. लेखिका बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. हिंदू कायद्यावरच्या एका पुस्तकाच्या त्या सहलेखिका होत्या, म्हणजे दार कुठे बंद आहे ते त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांची नायिका अचला ही नवऱ्याने सोडलेली बाई. तिला प्रेम हवे आहे, मूल हवे आहे, आणि १९३४ मध्ये तिला दुसरे लग्न करण्याची कायद्याने वाट नाही, कारण १९४७ अजून तेरा वर्षे दूर आहे. हा संदर्भ माहीत नसेल तर आजचा वाचक म्हणेल, ही बाई घटस्फोट घेऊन मोकळी का होत नाही? त्या वेळच्या वाचकांनी तो प्रश्न विचारला नाही, त्यांनी लेखिकेलाच धारेवर धरले. कोण ही शिरूरकर, बाई की पुरुष, इथून सुरुवात झाली.

‘हिंदोळ्यावर’ वाचतानाही माझे मन एका बाजूला राहत नाही. यमूसारखा जीव अचलेत गुंतत नाही. ती फार बोलते, आणि तिच्या बोलण्यात माजघराचा वास नाही. पण ती कडेला उभी नाही, हे निश्चित. दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचावीत, आधी यमूची, मग अचलेची. आणि यमूची वाचताना दुर्गीच्या पानांत खुणेची चिठ्ठी घालून ठेवावी, म्हणजे ती नुसती चाळून जात नाहीत. पेण-रोह्याकडच्या वाचनालयांत हरिभाऊ बहुधा मिळतील. ‘हिंदोळ्यावर’ कपाटात नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून या, आणि पुढच्या महिन्यात आठवण करायला पुन्हा जा.